सूचक म्हणून पहिली सही : सरकारी सहकाऱ्याची व्यावसायिक संस्थेकडे शिफारस कशी करावी

"फक्त सही हवी आहे, दोन मिनिटांचं काम," असं म्हणत सहकारी अर्ज पुढे करतो. शेवटच्या पानावर दोन रकाने असतात, सूचक आणि अनुमोदक. पहिल्यांदा असा कागद समोर आला की आपण खिशातलं पेन काढतो आणि मोकळे होतो. माझी पहिली सही अशीच, उभ्याउभ्या झाली. पुढे एका व्यावसायिक संस्थेच्या छाननी समितीवर काही वर्षं बसलो, तेव्हा तो रकाना पलीकडून कसा दिसतो ते कळलं.

समितीसमोर गठ्ठा असतो. पदवी, नोकरीची वर्षं, पदं हे सगळं प्रमाणपत्रांवरून पडताळता येतं. माणूस काम कसा करतो हे मात्र त्यातल्या एकाही कागदावर नसतं, आणि तेवढ्यासाठीच सूचक लागतो. सरकारी उमेदवाराच्या बाबतीत ही उणीव फार मोठी असते. संशोधकाकडे शोधनिबंध असतात, खासगी सल्लागाराकडे त्याच्या नावावरचे प्रकल्प असतात. सरकारी माणसाचं सगळ्यात चांगलं काम वरिष्ठांच्या सहीने बाहेर पडतं, नाहीतर फाईलमध्येच राहतं. एखादी चुकीची निविदा वेळेत थांबवली, तर ती थांबली म्हणूनच तिची बातमी होत नाही. हे ज्याने शेजारच्या टेबलावरून पाहिलं, त्यानेच सांगायचं असतं.

आधी ठरवा : सही करायची का?

स्वतःला एकच प्रश्न विचारा. या माणसाचं काम मी स्वतः पाहिलं आहे का? ऐकलेलं नव्हे, पाहिलेलं. "फार हुशार आहे, सगळे म्हणतात" यावर सही करू नये. नियमित ओळख, एकत्र चहा, एकाच बॅचची नोकरी यांतून माणूस चांगला आहे हे कळतं. त्याचा हिशेब, त्याची तपासणी, त्याचा अहवाल कसा असतो हे त्यातून कळत नाही.

दुसरी बाब नात्याची. तो तुमच्या हाताखाली असेल तर शिफारस करायला हरकत नाही, पण पत्रात ते स्पष्ट लिहा. तुम्ही त्याच्या हाताखाली असाल तर शक्यतो टाळा, कारण समितीतल्या प्रत्येकाला प्रश्न पडतो की याला नाही म्हणायची सोय होती का. तो ज्यांच्या कामाची बिलं तपासतो अशा ठेकेदाराने किंवा पुरवठादाराने तर सूचक होऊच नये. असं सुचवणाऱ्या उमेदवाराला बाजूला घेऊन समजवा, त्याचंच नुकसान आहे. आणि "या वर्षी मी तुझी करतो, पुढच्या वर्षी तू माझी कर" हा व्यवहार छाननी समितीला लांबून ओळखू येतो. तीच दोन नावं उलटसुलट रकान्यांत सापडतात.

नकार द्यायचा तर लवकर आणि साधेपणाने द्या. "तुमचं काम मी जवळून पाहिलेलं नाही, माझं पत्र कमजोर पडेल, अमुक एकाला विचारा" एवढं पुरतं. महिनाभर कागद टेबलावर ठेवून शेवटच्या दिवशी मिळमिळीत चार ओळी लिहिणं हे नकारापेक्षा वाईट.

कोणता दर्जा, ते बघा

सहकारी सांगतो "मेंबरशिप हवी आहे". पण बहुतेक संस्थांत पायऱ्या असतात : विद्यार्थी, सहयोगी, सभासद, वरिष्ठ सभासद, फेलो. प्रत्येक पायरीला सूचकांची संख्या, त्यांचा स्वतःचा दर्जा आणि लागणारा पुरावा वेगळा. साध्या सभासदत्वाला कित्येक ठिकाणी शिफारस लागतच नाही. तिथे तुम्ही पानभर पत्र लिहिलंत तर ते कोणी वाचणार नाही.

उदाहरणादाखल आयईईई या विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं बघा. तिथे वरिष्ठ सभासदत्वासाठी १० वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो, त्यातली किमान ५ वर्षं लक्षणीय कामगिरीची हवीत, आणि तीन संदर्भदाते लागतात. हे संदर्भदाते स्वतः त्या दर्जाचे किंवा त्याहून वरचे असावे लागतात. फेलोचं गणित अगदी निराळं. तिथे एका वर्षात मतदानाचा हक्क असलेल्या सभासदांपैकी ०.१ टक्क्याहून जास्त जणांना तो मान देता येत नाही आणि स्वतःचं नाव स्वतः सुचवता येत नाही. लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेत उमेदवाराचं नाव दोन फेलोंनी, म्हणजे तिथल्या सभासदांनी, मिळून सुचवावं लागतं, आणि एकदा सुचवलेलं नाव सात वर्षं विचारात राहतं.

म्हणून पहिल्यांदा संस्थेची नियमावली आणि त्या वर्षीचा अर्ज स्वतः उघडून वाचा. सहकाऱ्याने तोंडी सांगितलेल्यावर विसंबू नका. सूचक व्हायला तुम्ही पात्र आहात का, तुमची वर्गणी थकलेली नाही ना, हेही तिथेच कळेल. थकलेल्या वर्गणीमुळे सूचकाची सही बाद झाली आणि अर्ज परत गेला, हे मी एकदा नव्हे, तीनदा पाहिलं आहे. तिन्ही वेळा उमेदवार बिचारा दोष नसताना सहा महिने मागे पडला.

खुर्ची बोलते आहे की तुम्ही?

सरकारी नोकरीत असलेल्या सूचकाचा पाय इथे हमखास अडकतो. कार्यालयाचं लेटरहेड, गोल शिक्का, जावक क्रमांक घातला की पत्र वजनदार दिसतं असं वाटतं. पण तसं केल्याने शिफारस तुमची राहत नाही, ती खात्याची होते. आणि खात्याने तुम्हाला तसं लिहायला सांगितलेलं नसतं.

वेगवेगळ्या देशांत यावर वेगवेगळे नियम आहेत. अमेरिकेच्या संघीय कर्मचाऱ्यांच्या आचारनियमांत शिफारसपत्रावर स्वतःचं अधिकृत पद कधी लिहिता येतं ते ठरवून दिलेलं आहे : नोकरीसाठीची शिफारस किंवा चारित्र्याचा दाखला कोणी मागितला असेल, आणि त्या माणसाची कुवत किंवा स्वभाव तुम्हाला स्वतःला माहीत असेल तर. शिवाय त्याच्याशी तुमचा संबंध संघीय नोकरीतल्या कामातून आलेला असावा, किंवा शिफारस तरी संघीय नोकरीसाठीच असावी. भारतातल्या केंद्रीय नागरी सेवेच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत वेगळी रेघ आखली आहे. साहित्यिक किंवा वैज्ञानिक संस्थेच्या कामात भाग घ्यायला आडकाठी नाही, पण कोणत्याही संस्थेत निवडणुकीने मिळणारं पद घ्यायचं असेल, किंवा त्यासाठी कोणाचा प्रचार करायचा असेल, तर पूर्वपरवानगी लागते. म्हणजे सहकाऱ्याला सभासद करून घेणं आणि त्याला कार्यकारिणीत निवडून आणण्यासाठी फोन फिरवणं, या दोन गोष्टी एका मापाने मोजल्या जात नाहीत. राज्य सेवा, महामंडळं, संरक्षण दलं यांचे आपापले नियम असतात. तुमचा नियम तुमच्या आस्थापना शाखेत विचारा, आणि विचारताना तोंडी उत्तरावर समाधान मानू नका.

माझी स्वतःची पद्धत साधी आहे. कोरा कागद, घरचा पत्ता, स्वतःचा ईमेल. पदाचा उल्लेख एकदाच, तोही "मी उमेदवाराला कुठून ओळखतो" हे सांगण्यापुरता. शेवटी एक ओळ : हे मत माझं वैयक्तिक आहे, खात्याचं नाही. ही ओळ वाचून कोणत्याही समितीने पत्राचं वजन कमी केल्याचं मला आठवत नाही.

उमेदवाराच्या बाजूनेही बघायला हवं. त्याला स्वतःच्या खात्याकडून ना हरकत लागते का? वर्गणी तो स्वतः भरणार आहे की खात्याच्या खर्चात टाकणार आहे? त्याच्यावर एखादी विभागीय चौकशी चालू आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण विचारा. अर्जात सचोटीबद्दल रकाना असतो आणि तिथेही तुमची सही असते. त्या रकान्यात "माझ्या माहितीप्रमाणे" हे शब्द लिहायला लाजू नका.

सहकाऱ्याबरोबर तासभर बसा

"मसुदा तूच करून आण, मी सही करतो." आपल्याकडे हे सर्रास चालतं. एकदा एकाच उमेदवारासाठी दोन सूचकांची दोन पत्रं आमच्यापुढे आली. मजकूर थोडा वेगळा होता, पण दोन्हींत 'उल्लेखनीय' हा शब्द 'उल्लेखनिय' असा होता, त्याच ठिकाणी, तिसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीला. समितीत कोणी काही बोललं नाही. अध्यक्षांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले आणि पेन्सिलीने ते दोन शब्द गोल केले. उमेदवार खरोखर चांगला होता हे मला नंतर कळलं.

मसुदा मागू नका, माहिती मागा. त्याचा परिचय, अर्जाची प्रत, संस्थेचे निकष आणि त्याला स्वतःला अभिमान वाटतो अशी दोनतीन कामं. मग समोर बसून विचारा : यातलं तू नेमकं काय केलंस? सरकारी माणूस इथे अडखळतो. त्याला "कार्यवाही करण्यात आली" असं बोलायची सवय असते. कर्ता नसलेली वाक्यं लिहून वीस वर्षं काढलेली असतात, त्यामुळे स्वतःच्या कामाबद्दल बोलतानाही तो कर्ता गाळतो. त्याला खोदून विचारा. टिपणी कोणी लिहिली? आकडे कोणी तपासले? मूळ प्रस्तावात काय होतं आणि तू काय बदललंस? वरिष्ठांनी विरोध केला का? उलट, दहा जणांच्या कामाचं श्रेय तो एकटा घेत असेल तर तेही याच प्रश्नांतून बाहेर येतं.

सरकारी कामातून शिफारस उभी राहिल्याचं एक फार जुनं उदाहरण मला आवडतं. इंग्लंडच्या आरमार खात्यात सॅम्युअल पीप्स हा कारकुनीतून वर आलेला अधिकारी होता. १६६५ साली त्याचं नाव रॉयल सोसायटीत सुचवलं ते थॉमस पोव्हीने. दोघे टँजियरच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या तेव्हा इंग्लंडच्या ताब्यात असलेल्या बंदराच्या, कारभारासाठी नेमलेल्या सरकारी समितीत बरोबर होते आणि पोव्ही तिथला खजिनदार होता. पीप्सने नोंदवहीत सही केली, अध्यक्षांनी त्याचा हात हातात घेतला, आणि तो सभासद झाला. पोव्हीचे स्वतःचे हिशेब इतके विस्कटलेले होते की काही आठवड्यांतच ते खजिनदारपद पीप्सकडे आलं. म्हणजे सूचकाला उमेदवाराचा कामाचा उरक नुसता ऐकून माहीत नव्हता, तो त्याच्याच टेबलावर येऊन पोचला होता. पीप्स पुढे १६८४ मध्ये त्याच संस्थेचा अध्यक्ष झाला.

पत्र

आता लिहायला बसा. एक पान, फार तर दीड.

सुरुवात ओळखीने : किती वर्षं, कोणत्या नात्याने, कोणत्या काळात. मधल्या भागात एक किंवा दोन प्रसंग. शेवटी कोणत्या दर्जासाठी शिफारस करता आणि कोणत्या निकषावर. एवढाच सांगाडा. सगळी मेहनत मधल्या भागाला.

समजा पत्रात असं आहे : "श्रीमती अमुक या अत्यंत मेहनती, प्रामाणिक व तज्ज्ञ अधिकारी असून त्यांनी जलविज्ञान क्षेत्रात मोलाचे योगदान दिले आहे." हे वाक्य खोटं नाही. पण नाव बदललं की ते कोणालाही लागू पडतं. आता हे वाचा :

"श्रीमती अमुक यांना मी आठ वर्षं ओळखतो. त्यातली पाच वर्षं आम्ही एकाच विभागात होतो, पण कोणीच कोणाच्या हाताखाली नव्हतं. नदीच्या पाणीपातळीच्या दैनंदिन नोंदी त्यांच्याकडे तपासणीला येत. एका केंद्राच्या कोरड्या महिन्यांतल्या नोंदींचा शेवटचा आकडा जवळजवळ नेहमी शून्य किंवा पाच असतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या स्वतः तिथे गेल्या. मोजपट्टीच्या खालच्या भागावरच्या बारीक खुणांचा रंग उडाला होता आणि वाचणारा माणूस जवळची ठळक खूण बघून आकडा लिहीत होता. त्यांनी त्याच्यावर ठपका ठेवला नाही. पट्टी रंगवून घेतली, जुन्या नोंदींच्या त्या भागावर अचूकता पाच सेंटिमीटरपर्यंतच धरावी असा शेरा मारला, आणि बाकीच्या केंद्रांच्या नोंदींनाही तीच चाचणी लावली. त्यांच्या बदलीनंतरही ती चाचणी विभागात चालू आहे."

यात 'मेहनती' नाही, 'तज्ज्ञ' नाही, 'मोलाचे' नाही. पण समितीवर बसलेल्या माणसाला आकड्यांतली खोट ओळखणारी नजर दिसते, जागेवर जाण्याची सवय दिसते, हाताखालच्या माणसाशी वागणं दिसतं, आणि काम माणसामागेही टिकलं हेही दिसतं. प्रसंग केवढा मोठा आहे याला महत्त्व नाही. कोट्यवधींच्या प्रकल्पाचं नाव घेऊन उमेदवाराने त्यात काय केलं हे न सांगणाऱ्या पत्रापेक्षा रंग उडालेली मोजपट्टी भारी पडते.

नुसत्या विशेषणांवर काम भागायचे ते दिवस होते एके काळी. १७४२ मध्ये थॉमस बेझ या इंग्रज गणितज्ञाचं नाव रॉयल सोसायटीत सुचवलं गेलं, तेव्हाच्या प्रमाणपत्रावर पाच जणांच्या सह्या आहेत आणि मजकूर जेमतेम काही ओळींचा : गुणवान गृहस्थ, भूमितीत निष्णात, संस्थेला सर्वतोपरी योग्य. झाली निवड. संभाव्यतेच्या ज्या प्रमेयाला आज त्याचं नाव आहे, ते त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. सह्या करणारे पाच जण सगळ्यांच्या ओळखीचे होते, म्हणून ते चाललं. तुमच्या पत्राच्या वाचकाला तुम्ही कोण हेही बहुधा ठाऊक नसतं.

निकषांचे शब्द नियमावलीतून तसेच उचलून पत्रात चिकटवू नका, पण प्रसंग कोणत्या निकषाखाली येतो ते एका वाक्यात सांगा. सरकारी भाषेचा उलगडाही तुम्हीच करायचा आहे. 'उप', 'सहायक', 'कार्यकारी', 'अधीक्षक' या पदांच्या उतरंडीतून दुसऱ्या खात्यातल्या वाचकाला काही कळत नाही. त्याच्या हाताखाली किती माणसं होती, कोणत्या कागदावरची सही शेवटची मानली जायची, चूक झाली असती तर कोणाला भोगावी लागली असती, हे लिहा.

एखादी मर्यादा माहीत असेल आणि ती या दर्जाशी संबंधित असेल तर लपवू नका. "प्रसिद्ध झालेलं लेखन नाही, कारण त्यांच्या कामाचं स्वरूप अंतर्गत अहवालांचं होतं" अशी एक ओळ बाकीच्या पानावरचा विश्वास वाढवते. त्याचा तिरसटपणा, उशिरा येणं वगैरे गोष्टींना मात्र इथे जागा नाही.

फाईलमधलं फाईलमध्ये

आपण खात्यातले, म्हणून आपल्याला जे माहीत आहे ते सगळं लिहिता येतं असं नाही. गोपनीय शेरा असलेली कागदपत्रं, चालू निविदा, न्यायप्रविष्ट प्रकरणं, अजून जाहीर न झालेलं धोरण, सहकाऱ्याचे गोपनीय अहवाल यांतलं काहीही पत्रात येता कामा नये. वरच्या नमुन्यात नदीचं नाव नाही, केंद्राचं नाही, वर्षही नाही. तरी प्रसंग कुठे कमी पडला का? काम तसंच सांगायचं : काय बिघडलं होतं, त्याने काय ओळखलं, काय केलं. शंका आली तर तो परिच्छेद उमेदवाराला दाखवा. त्याच्या कामातलं नाजूक काय, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. काही संस्था मात्र सूचकाचं पत्र उमेदवाराला दाखवू देत नाहीत, तेव्हा त्यातली तथ्यं आधीच तोंडी तपासून घ्या. आणि सुरक्षेशी संबंधित कामाबद्दल काही लिहायचंच असेल तर आधी लेखी परवानगी, मग पत्र.

पाठवल्यावर

मुदतीच्या किमान आठवडाभर आधी पाठवा. संकेतस्थळावरून भरायचं असेल तर शेवटच्या रात्री नको. सूचकाला येणारी लिंक पुष्कळदा नको असलेल्या मेलच्या कप्प्यात जाऊन पडते, तेव्हा तिकडेही नजर टाका. कार्यालयाचा ईमेल पत्ता देणं टाळा. बदली झाली की तो बंद होतो, आणि समितीचा प्रश्न हवेत विरून जातो. पोच मिळाली की सहकाऱ्याला कळवा, मजकूर कळवायची गरज नाही.

समितीकडून फोन येऊ शकतो. आला तर पत्रात लिहिलं तेच सांगा, फुगवू नका. माहीत नसलेलं विचारलं तर "ते मी पाहिलेलं नाही" म्हणा. मी स्वतः असे फोन केलेले आहेत, आणि हे उत्तर देणाऱ्या सूचकाचं बाकीचं सगळं बोलणं आम्ही जास्त गंभीरपणे घेत असू.

अर्ज नाकारला गेला तर कारण विचारायचा हक्क उमेदवाराचा आहे, सूचकाचा नाही. ओळखीच्या समिती सदस्याला खासगीत गाठू नका. पुष्कळदा कारण अगदी क्षुल्लक असतं : अनुभवाचा दाखला जोडलेला नाही, दर्जा चुकीचा निवडला, एका सूचकाची मुदत संपली. ते दुरुस्त करून पुढच्या फेरीत तोच अर्ज जातो.

पत्राची प्रत तारखेसह जपून ठेवा. चारपाच वर्षांनी तोच सहकारी वरच्या दर्जाचा अर्ज घेऊन येईल. तेव्हा जुनं पत्र काढा आणि त्याला विचारा, "मोजपट्टीचं झालं, त्यानंतर काय केलंस?"